खारवाडीच्या भोंग्यातला आवाज

आमच्या धंद्याचा नियम एकच. दुसऱ्याचा आवाज दहापट करायचा आणि स्वतःचा खिशात ठेवायचा. रत्नागिरीत मी तीस वर्षं लाऊडस्पीकर भाड्याने दिले. लग्नं, सत्यनारायण, नमनाचे खेळ, पुढाऱ्यांच्या सभा, हरवलेल्या म्हशी, या सगळ्यांना माझ्या दोन भोंग्यांनी कंठ दिला. माझा भोंगा बंदरावर बोलला की तिकडे देवरूखात बायका तव्यावरची भाकरी उलटायच्या. बुरोंडीला एकदा असं धुकं पडलं की माणसाला स्वतःची मिशी दिसेना, आणि सात होड्या समुद्रात. मी किनाऱ्यावर भोंगा लावला आणि त्या होड्या हाकणाऱ्या तांडेलांची नावं एकेक करून पुकारली. सातच्या सात होड्या परत आल्या. आठवीही आली, ती कोणाची ते अजून कळलेलं नाही. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते विचारू नका.

गिऱ्हाइकंही एकेक. देवरूखजवळच्या डोंगरवाडीतल्या एका म्हाताऱ्याने दिवसभरासाठी भोंगा ठरवला. मला वाटलं पूजा असेल. म्हाताऱ्याने माईक घेतला आणि समोरच्या डोंगरावर राहणाऱ्या सख्ख्या भावाला अकरा वर्षांचं साचलेलं एका दमात ऐकवलं. दुपारी भाऊ डोंगर उतरून आला. मी मशीन गुंडाळायला लागलो, कारण मारामारीत पहिला फुटतो तो माईक. पण भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ह्येचा झाला आसंल तर उद्या माज्याकडं लावा."

असल्या गोष्टी सांगत मी चार लग्नांची जेवणं फुकट जेवलोय. पण एक गोष्ट अशी आहे की ती मी चाळीस वर्षं सांगत आलो आणि दर वेळी खोटी सांगितली. ती खारवाडीची.

त्याआधी धंद्यातलं थोडं समजून घ्या. मशीन म्हणजे अँप्लिफायर. ते चालतं मोटारीच्या बॅटरीवर. बॅटरीला दोन चिमटे, लाल आणि काळा. लाल चिमटा काढला की पंतप्रधान जरी माईकसमोर असले तरी ते मुके. भोंगा कधी माईककडे तोंड करून लावायचा नाही, नाहीतर तो कोकलतो. खाडीला भरती असली की आवाज पाण्यावरून घसरत पलीकडे जातो. ओहोटीला चिखल निम्मा आवाज खातो.

आणि गाऱ्हाण्याला दोन माईक लागतात. गाऱ्हाणं कोकणाबाहेरच्यांना ठाऊक नसेल. गावाच्या वतीने गुरव किंवा मानकरी देवासमोर उभा राहून गावाचं सुखदुःख मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." ते म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही. नुसतं बोलणं राहतं. तर एक माईक सांगणाऱ्याला आणि दुसरा होकार देणाऱ्यांना. पण होकार देणारी माणसं माईकपासून लांब, कोणी तंबाखू मळतोय, कोणी पोरगं सांभाळतोय. त्यामुळे दुसरा माईक मी माझ्याच हातात ठेवायचा आणि होकार मीच पुढे ओढायचा, अशी पद्धत पडली. वीस वर्षं मी हे केलं. तोंडाला सवयच लागली होती. झोपेत कोणी "बा देवा म्हाराजा" म्हटलं तरी मी व्हय म्हणायचो. बायको म्हणायची, "यांना दागिने मागायचे तर गाऱ्हाण्यातून मागायला हवेत."

आता इंदूताई. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर विधानसभेची निवडणूक लागली, शिमग्याच्या तोंडावर. खारवाडी म्हणजे खाडीच्या मुखाजवळची मच्छीमारांची वाडी. इंदूताई तिथलीच. शिकून शहरातल्या शाळेत चित्रकलेची बाई झाली होती. वय पस्तीसच्या आसपास, केस पोरांसारखे कापलेले, बोटं कायम कोळशाने काळी. खाडीकाठी रसायनाचा कारखाना येणार, त्याचं पाणी नळाने खाडीत सोडणार, असं ठरलं तेव्हा तिने वर्गातल्या पोरांना मेलेला मासा काढायला लावला. सगळ्या वर्गाला, महिनाभर, फक्त मेलेला मासा. शाळेने तिला काढून टाकलं. मग तिने जुन्या जाळ्यांचा आणि माडाच्या झावळ्यांचा एक मासा बांधला, चांगला एसटीएवढा, आणि तो आ वासलेला मासा वीस बायकांच्या खांद्यावरून बाजारपेठेतून फिरवला. सरकारी कचेरीच्या दारात तो ठेवून दिला. साहेबाला तीन दिवस माशाच्या तोंडातून वाकून आत जावं लागलं. हे त्या निम्म्या खऱ्यात धरा.

ती अपक्ष उभी राहिली तेव्हा लोक हसले. चिन्ह मिळालं शिडी. दुसऱ्याने शिडीचं चित्र भिंतीवर काढलं असतं, पण भिंत द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा तिने खरीच शिडी उचलली. बारा पायऱ्यांची, बांबूची, नारळ उतरवणाऱ्याची. गावोगाव ती शिडी मैदानात उभी करायची आणि टोकावर चढून बोलायचं. टेकवायला भिंत नाही, म्हणून चार बायका चारी बाजूंनी दोर धरून उभ्या. त्यातली एक जनाकाकी, सुकी मासळी विकणारी, हाडापेराने अशी की शिडीच काय, तिने धरला असता तर दीपस्तंभही हलला नसता. शिडी डुलायची, ताई वर बोलायची आणि खाली माणसं तिचं बोलणं ऐकण्यापेक्षा ती कधी पडते ते बघायची. त्यामुळे गर्दी मात्र हटत नसे.

तिचा भोंगा माझा. दुसऱ्या पक्षांचाही माझाच. आम्हाला सगळे सारखे.

कारखान्याच्या बाजूने उभं होतं ते वसंतशेठचं माणूस. वसंतशेठ स्वतः उभा नव्हता, तो कधीच उभा राहत नसे. तो बसायचा. बंदराजवळ त्याचा बर्फाचा कारखाना, सहा ट्रक आणि मच्छीमारांच्या निम्म्या होड्यांवर त्याचा शब्द. बर्फ दिला नाही तर मासळी कुजते, एवढं साधं ते राज्य होतं. आवाज कधी चढवायचा नाही. मी आवाजातला माणूस, मला मोठ्या आवाजाची भीती वाटत नाही. हळू बोलणाऱ्याची वाटते.

प्रचार संपायच्या दोन दिवस आधी त्याने मला बोलावलं. बर्फाच्या खोलीतच. लाद्यांच्या मध्ये लाकडी खुर्ची टाकून बसला होता, अंगात नुसता बनियन.

"दत्तू, ये. मशीन कसं आहे तुझं?"

"देवाच्या कृपेने बरं आहे, शेठ."

"जुनं झालं असेल. बिघडत असेल मधूनमधून."

"बिघडतं शेठ, कधी कधी."

"परवा खारवाडीत तिची शेवटची सभा. तिथे बिघडेल."

माझे दात वाजत होते. आता तुम्ही म्हणाल थंडीने. मीही त्या वेळी स्वतःला तेच सांगितलं.

"तो पेंटर बघ," शेठ म्हणाला, "तिचे कापडी फलक रंगवायचा तो. चांगला हात होता. फळीवरून पडला बिचारा."

पेंटर मी पाहिला होता. उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये. ज्या फळीवरून तो पडला ती आदल्या दिवशीपर्यंत धड होती हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, आणि सगळी आळी गप्प होती.

"पोरं कितवीत आहेत तुझी?" शेठने विचारलं. मी इयत्ता सांगितल्या. त्याने मान हलवली, जणू लिहून घेतल्या.

सभेच्या दिवशी दुपारी मी जीपमध्ये सामान भरलं. बायकोने विचारलं, "तोंड का असं?" मी म्हणालो, ऊन. खारवाडीचा रस्ता सड्यावरून जातो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं काळंकुळकुळीत पठार, मैलभर झाड नाही, सावली नाही, माणूस नाही. अर्ध्यावर आरशात पाहिलं तर मागे बर्फाचा ट्रक. मी हळू केलं, त्याने हळू केलं. मी थांबलो, तो थांबला. मी उतरून उगीच चाकाला लाथ मारली, बॉनेट उघडून आत बघितलं. ट्रकमधून कोणी उतरलं नाही. मागून बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि तापल्या सड्यावर पडल्या पडल्या वाळत होतं. ते ठिबकणं मला इंजिनाच्या आवाजावरून ऐकू आलं, एवढे माझे कान त्या दिवशी मोठे झाले होते. खारवाडीपर्यंत तो ट्रक माझ्या पाठीला चिकटून आला आणि देवळाच्या मैदानाकडेला तोंड माझ्याकडे करून उभा राहिला. चौघेजण उतरून दगड रचलेल्या गडग्यावर बसले. त्यांतला पुढचा रघू, शेठचा ड्रायव्हर. त्याने मला दोन बोटांनी सलाम केला.

चार वाजले होते. खाडीला भरती. मी एक भोंगा वाडीकडे आणि एक खाडीपलीकडे लावला, सवयीने. जीपच्या मागे जमिनीवर बॅटरी, बॅटरीजवळ मी. ताईचा माईक लांब वायरने शिडीच्या टोकाला बांधला. दुसरा माईक मी घेतला तो केवळ देऊळ समोर होतं म्हणून. देवळासमोर बसलो की डावा हात आपोआप दुसऱ्या माईककडे जायचा. उजव्या हातात पक्कड, आणि पक्कड लाल चिमट्यावर. ठरवलं होतं की ती पहिलं वाक्य बोलेल आणि चिमटा निघेल. मग मी मशीनला थापट्या मारीन, डोक्याला हात लावीन, चार जणांना ऐकू जाईल असं स्वतःच्या नशिबाला बोल लावीन. अभिनय आपल्याला येतो.

माणसं जमली होती, पण कशी? अंगणाच्या कडेने, झाडामागून, होड्यांच्या आडून. मैदानाच्या मध्ये कोणी नाही. गडग्यावरचे चौघे एकेकाकडे बघून नावं पुटपुटत होते. नावं मोजली जात आहेत हे माणसाला पाठीनेही कळतं. म्हातारा गुरव देवळाच्या पायरीवर बसून आपल्या पायाचं नख बघत होता.

ताई शिडी चढली. जनाकाकी आणि तिघींनी दोर ताणले. वर पोचल्यावर ताईने माणसांकडे पाठ केली आणि देवळाकडे तोंड. माझी पक्कड थबकली. असं भाषण मी पाहिलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "बारा गावच्या धन्या, आज खारवाडीची लेकरा तुज्या दारात हुबी हायेत."

बाईने गाऱ्हाणं घालायचं नसतं. आमच्याकडे कधी घातलेलं नव्हतं. झाडामागून श्वास ओढल्याचा आवाज आला, कोणाला चटका बसावा तसा. गुरवाने नख सोडून वर बघितलं. रघू गडग्यावरून अर्धा उठला आणि माझ्या जीपकडे बघू लागला. आता, असं त्याच्या भुवया म्हणत होत्या.

ताई थांबली. होकारासाठी थांबतात तशी. कोणीच बोललं नाही. बायकांनी होकार देण्याची पद्धत नाही आणि पुरुषांच्या जिभा ट्रककडे बघत होत्या. भोंग्यातून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. शिडीवर चढलेल्या, घाबरलेल्या बाईचा श्वास, दहापट मोठा, वाडीभर आणि खाडीवरून पलीकडे. मी आयुष्यात इतकं उघडंवाघडं काही ऐकलेलं नाही. तेव्हा कळलं की तीही भ्यायली आहे. तोवर मला वाटत होतं, भीती ही आमच्यासारख्यांची मिरासदारी.

"ह्या खाडीत तिसऱ्यांची शिंपला हायेत, कालवा हायेत, आमची पोरा ह्याच्यावर वाढली. ती खाडी आमच्याच गप बसण्यानं मरतेय म्हाराजा."

पुन्हा शांतता. दोर धरलेली जनाकाकीसुद्धा ट्रककडे बघू लागली, दोर सैल पडला आणि शिडी कलली. रघू माझ्याकडे चालत येऊ लागला. मी पक्कड आवळली. घामाने ती दोनदा सटकली.

ताईचा आवाज बारीक झाला. "आज ह्या दारात जो कोण व्हय म्हणंल, त्याच्या पाठीशी ऱ्हा. आणि व्हय म्हणून जो फिरंल, त्याचा आवाज त्याला परका व्हवू दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी शपथेवर सांगतो, मी ते म्हणायचं ठरवलं नव्हतं. वाक्य संपलं, "म्हाराजा" आलं, आणि वीस वर्षांच्या सवयीने डाव्या हातातला माईक तोंडाशी गेला. दोन भोंग्यांतून तो आवाज असा सुटला की देवळाच्या कौलांवरचे कावळे उडाले. मी जीपच्या मागे होतो, कोणाला दिसत नव्हतो. कोणीतरी व्हय म्हणालं, एवढंच सगळ्यांना ऐकू आलं, आणि ते आभाळातून आल्यासारखं आलं.

मग खाडीपलीकडून, पाण्यावरून, बारीकसा होकार आला. "व्हय म्हाराजा." पलीकडच्या माणसांना गडग्यावरचे चौघे दिसत नव्हते ना. मग जनाकाकीने दोर न सोडता मान वर करून आरोळी दिली. मग होड्यांच्या आडून, झाडांमागून, अख्खी वाडी. गुरवसुद्धा. पायरीवर उभा राहून, हात जोडून, रडत.

मी काय केलं? चिमटा काढला. सगळं होऊन गेल्यावर. रघू जीपला वळसा घालून आला तेव्हा मी जमिनीवर उकिडवा, एका हातात पक्कड, पकडीत लाल चिमटा. डाव्या हातातला माईक मी केव्हाच मांडीखाली सारला होता.

"शेठनं काय सांगितलं हुतं तुला?" रघूने विचारलं.

आणि इथे माझी जीभ, जी गिऱ्हाइकं फुगवायला आणि गोष्टी रंगवायला देवाने दिली, ती माझ्या मदतीला धावली.

"चिमटा केव्हाच काढलाय रे," मी म्हणालो. "तिच्या पहिल्या वाक्यालाच. हा बघ हातात. वायर तोडून बसलोय मी."

"मंग बोलली कशी ती?"

"तेच मी तुला विचारतोय."

रघूने चिमट्याकडे बघितलं. मग मशीनकडे, त्याचा दिवा विझलेला. मग भोंग्याकडे. "आन् तो व्हय म्हणला तो कोण?" हे त्याने मला विचारलं नाही. हवेला विचारलं. त्याचे ओठ पांढरे झाले होते. तो जीपपासून दोन पावलं मागे सरला, पायातल्या चपला काढल्या आणि देवळाकडे बघून कान पकडले.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या खोलीत मी हीच गोष्ट शेठला सांगितली, पण तोवर तिला पंख फुटले होते. मशीन बंद, बॅटरी बंद, तरी भोंगा तापलेला, आणि आतून उदाचा वास. शेठ ऐकत होता. तो कोकणातलाच माणूस. बर्फाच्या धंद्यात गेला म्हणून काय झालं, लहानपणी तोही गाऱ्हाण्याला आजोबांच्या धोतराला धरून उभा राहिलेला. शेवटी म्हणाला, "दत्तू, माझ्या नावाने देवळात एक नारळ ठेवून ये. तो माझा आहे असं कोणाला सांगू नको." मी सुटलो. बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो तरी अर्धा तास अंगावरचा काटा जाईना.

संध्याकाळपर्यंत गोष्ट तालुकाभर गेली. खारवाडीच्या देवाने बिनवायरच्या भोंग्यातून होकार दिला.

मतदानाच्या आदल्या दिवशी ताई माझ्या दुकानात आली. एकटीच. शिडी बाहेर टेकवून ठेवली आणि स्टुलावर बसली.

"दत्ताभाऊ, तो आवाज तुमचा होता."

मी म्हणालो, "छे."

"मी शाळेत होते तेव्हापासून तुमच्या आवाजात ऐकतेय, अमक्याची म्हैस हरवली आहे. मला कळणार नाही?"

मी रिकाम्या मशीनवरची धूळ पुसू लागलो.

"रागावलेली नाही मी," ती म्हणाली. "मागायला आलेय. उद्या सकाळी मतदानाआधी वाडीत या. भाषण नको. नुसतं चार जणांत सांगा की तो मी होतो."

"ताई, देव बोलला म्हणतात ते तुमच्या फायद्याचंच आहे की."

"नाही भाऊ. वाडीतली माणसं आता काय म्हणतायत माहीत आहे? देवाने होय म्हटलंय, आता तोच बघून घेईल. आपण कशाला शेठच्या डोळ्यांवर यायचं? काल दोर धरणाऱ्या बाईचा नवरा मला म्हणाला, ताई, झालं की तुमचं काम." तिने काळी बोटं पदराला पुसली. "देव घाबरत नाही हे त्यांना ठाऊकच आहे. त्यात नवल काय? घाबरलेला माणूस होय म्हणाला, हे त्यांना कळायला हवंय."

एवढं सरळ मागणं माझ्याकडे आयुष्यात कोणी मागितलं नाही. भोंगा नको, बॅटरी नको. फक्त मी, माझ्या तोंडाने.

मला पेंटरचा हात दिसला. शेठने विचारलेल्या इयत्ता आठवल्या. "ताई," मी म्हणालो, "मला पोरंबाळं आहेत."

ती उठली आणि म्हणाली, "खरं आहे." टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं. शिडी खांद्यावर घेऊन ती निघाली. दुकानाच्या दाराला शिडीचं टोक अडकलं तेव्हा मी उठून सोडवून दिलं. तेवढी मदत मी केली.

मतदानाला खारवाडीतली अर्धी माणसं घरातच राहिली. बाकीच्यांनी शेठच्या माणसाला मत दिलं म्हणतात. ताई आपटली. पुढे नळ आला, कारखाना आला. तिसऱ्या गेल्या, मग कालवं गेली. ताई वाडीतच राहिली, पोरांना चित्रं शिकवत, कचेऱ्यांना अर्ज करत. काही वर्षांनी आजारी पडून गेली. मी मातीला गेलो नाही. त्या दिवशी एक लग्न होतं, असं मी बायकोला सांगितलं. लग्न नव्हतं.

आणि मी ती गोष्ट सांगत राहिलो. उदाच्या वासासकट. जेवणावळीत, नमनाच्या मध्यंतरात, नाटे गावात एका आगबोटीएवढ्या होडीच्या पूजेला. दर वर्षी शिमगा जवळ आला की माझा घसा बसायचा आणि माझं पाणी पाणी व्हायचं. डॉक्टर म्हणायचे, धूळ. मी रात्रभर गुळण्या करायचो आणि सकाळी बायकोला हाक मारून बघायचो, आवाज माझाच आहे ना. असायचा. मला वाटायचं, सुटलो.

गेल्या वर्षी धाडस करून खारवाडीला गेलो. आता ऐंशी ओलांडल्यावर मला कोण काय करणार? वसंतशेठ केव्हाच गेला, बर्फाच्या कारखान्यात आता लग्नाचा हॉल आहे. देवळात गाभाऱ्याबाहेर ती बांबूची शिडी ठेवली आहे, हळदकुंकू वाहून. बाहेरच्या भिंतीवर ताईने कोळशाने आणि गेरूने काढलेलं चित्र आहे. दर वर्षी चुना मारताना तेवढा भाग सोडतात. जीप, भोंगे, आणि जीपमागे उकिडवा बसलेला एक माणूस. हातात माईक, तोंड उघडं. चेहरा तिने काढलेला नाही. पण ते बसणं माझं होतं. अशी पाठ वाकवून बसणारा तालुक्यात दुसरा नव्हता.

तिने मला सांगायला लावलं नाही. पण काढून ठेवलं.

जनाकाकी पायरीवर ऊन खात बसली होती. नव्वदीच्या घरात, नजर गेलेली, कान शाबूत. मी विचारलं, "काकी, चित्रातला हा कोण?"

"तो होय. तो मशीनवाला. देव बोलला त्या टायमाला भियान तोंड वासला मेल्यानं."

मी तिच्याजवळ बसलो. माझं काळीज बर्फाच्या खोलीतही असं उडालं नव्हतं. "काकी, देव नाही बोलला. मी बोललो होतो. तो मशीनवाला मीच. दत्ता."

ती हसली. दात नसलेलं, मनापासून. "तुमी गमत्ये दिसता."

"खरंच सांगतो. ऐका." मी देवळाकडे तोंड केलं, छाती भरून घेतली आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

काकीने मान तिरकी करून ऐकलं. मासळी पारखतात तसं, नीट.

"नाय वो," ती म्हणाली. "तो आवाज तुमचा नव्हं. तो लय मोटा हुता. त्याला भ्या नव्हता."

मी आणखी एकदा म्हणून दाखवलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी तिने चाचपडत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुरे भाऊ," ती म्हणाली. "घसा दुखंल."